घर, वजा माणसं

अमेरिकेत घर विकायला काढलं की मालकाला पहिला सल्ला मिळतो तो भिंतीवरचे फोटो उतरवण्याचा. लग्नाचा, नातवंडांचा, कुत्र्याचा, सगळे. मग फ्रिजच्या दारावरची मॅग्नेट, बाथरूममधले टूथब्रश, दाराशी पडलेले बूट, देवाधर्माची चिन्हं. अर्धं सामान भाड्याच्या गोदामात जातं. भिंतींना मोतिया किंवा फिकट करडा रंग लागतो. आणि मोकळ्या झालेल्या त्या खोल्यांत भाड्याचा सोफा येतो, भाड्याची चित्रं येतात, पलंगावर गरजेपेक्षा चौपट उशा रचल्या जातात. ओट्यावर काचेच्या भांड्यात पिवळीधमक लिंबं असतात. त्यांचं सरबत कोणी करणार नसतं. बघायला माणसं यायच्या जरा आधी ओव्हनमध्ये बिस्किटं भाजायची, म्हणजे घरभर वास दरवळतो, हाही त्यातलाच जुना डाव.

याला होम स्टेजिंग म्हणतात. ते करणाऱ्यांचा तिकडे रीतसर धंदा आहे, त्यांचे अभ्यासक्रम आहेत, प्रमाणपत्रं आहेत, संघटना आहेत.

धंद्याच्या जन्माचा दाखला बार्ब श्वार्झ यांच्या नावावर आहे. निदान त्यांचा स्वतःचा दावा तसा आहे आणि तो आजवर कोणी फारसा खोडून काढलेला नाही. अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात, सिएटलच्या परिसरात त्या घरांची दलाली करायच्या. त्याआधी अंतर्गत सजावटीचं काम केलेलं, नाटकाचीही पार्श्वभूमी. अडचण अशी की गिऱ्हाइकाच्या घरात पाय ठेवताच पसारा दिसायचा, पण ‘तुमचं घर गबाळं आहे’ हे त्याच्या तोंडावर सांगायचं कसं? 1972 मध्ये त्यांनी नाटकाची भाषा उचलली. घर हे रंगमंच, बघायला येणारे प्रेक्षक, आपण फक्त प्रवेशासाठी नेपथ्य लावतोय. मालकाला राग येत नाही आणि पसारा तर हलतो. राहण्यासाठी ठेवलेलं घर वेगळं आणि विकण्यासाठी ठेवलेलं वेगळं, हे त्यांचं सूत्र. पुढे त्यांनी अभ्यासक्रम काढला आणि 1999 मध्ये स्टेजर लोकांची संघटनाही उभी केली.

पण कुळकथा म्हटली की जन्मदाखल्यावर थांबून भागत नाही. श्वार्झबाईंनी नाव दिलं, बाळ मात्र आधीच रांगत होतं. कोणीच राहत नाही असं, पण कोणीतरी राहतंय असं वाटावं असं घर लोकांना दाखवायची रीत त्यांच्या अर्धं शतक आधीची आहे.

लंडनमध्ये ‘डेली मेल’ या वृत्तपत्राने 1908 मध्ये ऑलिम्पियाच्या दालनात आदर्श घरांचं प्रदर्शन भरवलं. हेतू जाहिराती मिळवण्याचा, त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. अमेरिकेत 1922 मध्ये सुरू झालेली ‘बेटर होम्स’ चळवळ जास्त सोवळी होती. ‘डिलिनिएटर’ या स्त्रियांच्या मासिकाच्या संपादक मेरी मेलोनी यांची ही कल्पना आणि तेव्हाचे व्यापारमंत्री हर्बर्ट हूवर यांचा तिला भक्कम पाठिंबा. गावोगावी स्थानिक समित्या एखादं घर मिळवायच्या, ते नमुन्यादाखल सजवायच्या आणि ठरलेल्या आठवड्यात लोकांना पाहायला खुलं करायच्या. चांगला नागरिक म्हणजे स्वतःच्या घराचा मालक, हा त्यातला उपदेश. पडदे कसले, खुर्च्या किती, स्वयंपाकघरात काय कुठे, हे बघायला बायका रांगा लावायच्या. तिथे अर्थातच कोणाचं अंथरूण विस्कटलेलं नव्हतं.

दुसऱ्या महायुद्धानंतर बिल्डरांनी हा उपदेश धंद्याला लावला. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवरच्या बटाट्याच्या शेतांत लेव्हिट आणि मुलांच्या कंपनीने 1947 पासून घरांचा कारखानाच काढला. 1951 पर्यंत तिथे 17 हजारांवर घरं उभी राहिली. 1949 च्या मार्चमध्ये नव्या नमुन्याची विक्री सुरू झाली, किंमत 7,990 डॉलर. युद्धावरून परतलेले तरुण आधीपासून येऊन रांगेत बसले होते. घर नुसत्या भिंतींचं नव्हतं. शेगडी, फ्रिज आणि कपडे धुण्याचं यंत्र त्याच किमतीत. 1950 च्या नमुन्यात तर जिन्याच्या बाजूच्या भिंतीत टीव्हीच बसवून दिला होता. लोक घर बघायला जायचे आणि तिथे रोज जगायच्या संसाराचं चित्र बघून, काही मिनिटांत सही करून बाहेर पडायचे.

तिथल्या सुरुवातीच्या करारांत एक कलमही होतं. गोऱ्यांखेरीज कोणाला या घरात राहू द्यायचं नाही, अपवाद फक्त घरच्या नोकरांचा. नमुन्याच्या घरात कोण राहतं हे दाखवलेलं नसतं. कोण राहू शकत नाही हे मात्र ठरलेलं होतं.

1959 मध्ये हे नमुन्याचं घर थेट मॉस्कोला गेलं. सोकोलनिकी पार्कात अमेरिकेने प्रदर्शन भरवलं, त्यात मध्यमवर्गीय कुटुंबाचं सजवलेलं घर मांडलं. मधोमध चिरून त्यातून वाट काढली होती, म्हणजे हजारो माणसं सरकत सरकत दोन्ही बाजूंच्या खोल्या बघू शकतील. त्याच्याच स्वयंपाकघरापुढे अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष निक्सन आणि सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांची ती गाजलेली खडाजंगी झाली. मला त्याहून मजेशीर वाटते ती सोव्हिएत वृत्तसंस्थेने आधीच मारलेली कोपरखळी. हे म्हणे सामान्य अमेरिकन कामगाराचं घर. मग ताजमहाल हे मुंबईच्या गिरणी कामगाराचं घर म्हणून दाखवा की! गिरणगावातल्या चाळींत एकेका खोलीत तेव्हा किती माणसं झोपत होती, हे बघता मॉस्कोतल्या त्या वार्ताहराने उदाहरण अचूक निवडलं होतं.

माझ्या मते स्टेजिंगचं खरं कारण इथे आहे. जुनं घर विकणाऱ्याला स्पर्धा होती ती शेजारच्या जुन्या घराची नव्हे, रस्त्यापलीकडे बिल्डरने सजवून ठेवलेल्या नमुन्याची. ज्या घरात वीस वर्षं मुलं वाढली, भिंतींवर त्यांच्या उंचीच्या खुणा झाल्या, ते घर त्या कोऱ्या घरापुढे थकलेलं दिसणारच. श्वार्झबाईंनी राहत्या घरमालकाला बिल्डरचं तंत्र शिकवलं, एवढंच. बिल्डरकडे मुळात माणसं नव्हती. मालकाला ती वजा करावी लागली.

यानंतरचा प्रसार टीव्हीने केला. ब्रिटनमध्ये चॅनल 5 वर 1998 मध्ये ‘हाउस डॉक्टर’ सुरू झालं. त्यातल्या ॲन मॉरिस कॅलिफोर्नियाच्या. इंग्रजांच्या घरात शिरून ‘इथे कुत्र्याचा वास येतो’ असं बेधडक सांगायच्या, आणि ज्या देशात शेजाऱ्याशी हवामानापलीकडे बोलत नाहीत तिथे लोक हे डोळे विस्फारून बघायचे. अमेरिकेत 2003 मध्ये ‘सेल धिस हाउस’ आलं. छुपे कॅमेरे लावून गिऱ्हाइकांची मागची बोलणी टिपायची आणि ती मालकालाच ऐकवायची. पुढच्या वर्षी ‘डिझाइन्ड टू सेल’. त्यात खर्चाची मर्यादा 2,000 डॉलर. तेवढ्यात रंग, दिवे, पडदे, अंगणातली झाडं. या कार्यक्रमांनी एक गोष्ट कायमची बदलली. बघायला येणाराही आता तयार झाला. लिंबं ठेवलेली आहेत हे त्याला कळतं, तरी लिंबं नसली तर चुकल्यासारखं वाटतं.

वजाबाकीचा हिशेब कुठवर जातो ते 2020 मध्ये कॅलिफोर्नियातल्या मरीन सिटीत दिसलं. एका कृष्णवर्णीय जोडप्याने आपल्या घराची डागडुजी आणि वाढ करून कर्जासाठी मूल्यांकन करून घेतलं. आकडा आला 9 लाख 95 हजार डॉलर. त्यांना तो पटेना. काही आठवड्यांनी त्यांनी दुसरा मूल्यांकनकार बोलावला, पण आधी भिंतीवरचे स्वतःचे फोटो उतरवले. एका गोऱ्या मैत्रिणीने आपल्या कुटुंबाचे फोटो तिथे मांडले आणि मालकीण म्हणून दारही तिनेच उघडलं. घर तेच, भिंती त्याच. या खेपेला आकडा 14 लाख 82 हजार 500. प्रकरण न्यायालयात गेलं. स्टेजरच्या पुस्तकात फोटो उतरवण्याचं कारण असं दिलेलं असतं की गिऱ्हाइकाला तिथे स्वतःची कल्पना करता यावी. मरीन सिटीत कळलं की कोणाचे फोटो उतरवले आणि जागी कोणाचे लावले, याला केवढी किंमत असते.

आपल्याकडे ही विद्या आली ती मालकाकडे नव्हे, पुन्हा बिल्डरकडेच. मुंबई-ठाणे-पुण्याच्या कोणत्याही बांधकामाच्या साइटवर सॅम्पल फ्लॅट असतो. चपला बाहेर काढायला लावतात किंवा बुटांवर निळी प्लास्टिकची पिशवी चढवतात, आत एसी कुडकुडवणारा. तिथे एकदा टेप घेऊन जावं. काही ठिकाणी पलंग नेहमीपेक्षा अर्धा फूट आखूड निघतो. कपाट जेमतेम पंधरा इंच खोल, म्हणजे हँगर आडवा मावत नाही. रोजच्या वापराचं कपाट दोन फुटांचं लागतं. खोल्यांना दारं नाहीत, कारण दार उघडायला जागा खातं. दोन खोल्यांमधली भिंत काचेची, समोर भिंतभर आरसा. वाळत घालायची दोरी कुठे, सिलिंडर कुठे, गाद्या कुठे रचायच्या, या प्रश्नांना तिथे जागाच नाही. देव्हारा मात्र हमखास असतो, संगमरवरी, मागून दिवा सोडलेला. अमेरिकन स्टेजर देव आधी काढतो, आपला आधी बसवतो.

स्थावर मालमत्तेच्या व्यवहारांसाठीच्या 2016 च्या रेरा कायद्याला या फ्लॅटची दखल घ्यावी लागली, यातच त्याची ताकद आली. कलम 12 मध्ये जाहिरात आणि माहितीपत्रकाच्या जोडीने नमुन्याच्या सदनिकेचाही स्पष्ट उल्लेख आहे. ती बघून पैसे भरले आणि चुकीच्या माहितीमुळे नुकसान झालं, तर विकासकाने भरपाई द्यायची. गिऱ्हाइकाला बाहेर पडायचं असेल तर सगळी रक्कम व्याजासह परत. महाराष्ट्रात महारेराचं काम 2017 च्या मे महिन्यात सुरू झालं. विक्री कार्पेट एरियावर आली, आखूड पलंगांनी मात्र अजून हार मानलेली नाही.

हल्ली तर पलंगही लागत नाही. रिकाम्या खोलीचा फोटो द्यावा, संगणक त्यात गालिचा, सोफा, रोपटी आणि खिडकीतून येणारं ऊन भरून देतो. भाड्याच्या फर्निचरचा खर्च वाचला. फोटोत भेग बुजवणं आणि समोरचा विजेचा खांब पुसणंही तितकंच सोपं, म्हणून कॅलिफोर्नियाने 2026 च्या 1 जानेवारीपासून असे बदललेले फोटो तसे जाहीर करण्याची आणि मूळ फोटोही बघायला देण्याची सक्ती केली आहे.

रिसेलच्या फ्लॅटला आपल्याकडे अजून कोणी फारसं नटवत नाही. दलाल फार तर म्हणतो, ‘काका, रंग मारून घ्या, वरचे दोन-तीन लाख सुटतील.’ बघायला जावं तर आजोबा टीव्हीसमोर असतात, कुकरची शिट्टी होते, मालकीणबाई चहा विचारतात आणि बेडरूममधल्या कपड्यांच्या ढिगावर घाईने चादर ओढतात. घेणाऱ्याचंही तिकडे लक्ष नसतं. मजला, पार्किंग, पाण्याची वेळ, सोसायटीची एनओसी, पुनर्विकासाची शक्यता हे त्याचे विषय. आतली फरशी, ओटा, कपाटं ताबा मिळताच फोडायचीच असतात, मग नटवलेल्या घराचे पैसे तो का मोजेल?

रेराचं कलम 12 बांधतं ते विकासकाला. जुनं घर विकणाऱ्या काकांना ते लागू नाही. ताज्या रंगाखाली काय आहे हे बघायला मुरलेला गिऱ्हाईक जुलै-ऑगस्टमध्येच फेरी मारतो, बाथरूमच्या मागच्या भिंतीला हात लावून बघतो आणि वरच्या मजल्यावर कोण राहतं ते वॉचमनला विचारून घेतो.