चार मीटरांची लक्ष्मणरेषा : नाशिकच्या सेडान गाड्यांचा इतिहास

नाशिक म्हटले की इतिहासप्रेमींच्या डोळ्यांसमोर पंचवटी उभी राहते, सातवाहनकालीन पांडवलेणी उभी राहतात, फार तर पेशवाईतले काळाराम मंदिर. त्याच पांडवलेण्यांच्या डोंगरावरून खाली पसरलेली अंबडची औद्योगिक वसाहत दिसते. तिचा इतिहास मात्र सहसा कोणी सांगत नाही.

अंबड आणि सातपूर या जोड वसाहती. सातपूरला महिंद्रा अँड महिंद्राचा मोटार कारखाना, आणि आसपास, अंबडमध्ये विशेषकरून, त्याच्यासारख्या मोठ्या कारखान्यांसाठी जॉब वर्क करणारी असंख्य लहान युनिट्स : प्रेस शॉप, टर्निंग, प्लेटिंग, हीट ट्रीटमेंट, टूल रूम. नाशिकचे नाव आज बोलेरो, स्कॉर्पिओ अशा उंच, दणकट गाड्यांशी जोडले जाते. परंतु १९९६ नंतरच्या दोन दशकांत याच शहराने सेडान, म्हणजे मागे स्वतंत्र डिकी असलेली घरगुती मोटार, घडवण्याचे प्रयत्न पुन्हा पुन्हा केले. ते का फसले, हे पाहण्यासाठी गाडीच्या बॉनेटखाली डोकावावे लागतेच, पण त्याहून अधिक अर्थसंकल्पाच्या कागदांत डोकावावे लागते.

आरंभ फोर्ड एस्कॉर्टपासून.

एस्कॉर्टचे मूळ घराणे मोठे नामांकित. १९६८ मध्ये ब्रिटनमध्ये आलेली ही छोटी, मागची चाके ओढणारी गाडी अल्पावधीत रॅलीच्या मैदानाची सम्राज्ञी झाली. १९७० च्या लंडन ते मेक्सिको या शर्यतीत हान्नू मिक्कोला याने एस्कॉर्ट चालवूनच विजय मिळवला आणि फोर्डने त्या विजयाच्या नावाने ‘एस्कॉर्ट मेक्सिको’ ही आवृत्तीच बाजारात आणली. १९७९ मध्ये ब्योर्न वाल्डेगार्ड आणि १९८१ मध्ये आरी वातानेन हे जगज्जेते ठरले, त्यांच्या यशातही एस्कॉर्टचा मोठा वाटा होता. गाडीच्या पहिल्या दोन पिढ्यांचा हा काळ. १९८० साली तिसऱ्या पिढीपासून इंजिनाची ताकद पुढच्या चाकांकडे गेली, गाडी अधिक शहाणी, अधिक घरगुती झाली. १९९२ च्या आरएस कॉसवर्थने जुन्या रक्ताची आठवण करून दिली खरी, पण सर्वसामान्य ग्राहकाच्या वाट्याला येणारी एस्कॉर्ट तोवर कार्यालयात जाणाऱ्या माणसाची गाडी बनली होती.

नाशिकला आली ती हीच शहाणी एस्कॉर्ट. उदारीकरणानंतर फोर्ड आणि महिंद्रा यांनी ‘महिंद्रा फोर्ड इंडिया’ ही भागीदारी केली. चेन्नईजवळ मरैमलै नगर येथे फोर्डचा नवा कारखाना उभा राहीपर्यंत १९९६ पासून एस्कॉर्टची जुळणी महिंद्राच्या नाशिक कारखान्यात होऊ लागली. इंजिने दोन, १.३ लिटरचे पेट्रोल आणि १.८ लिटरचे डिझेल. ऐसपैस आणि भारदस्त अंगाच्या या गाडीला ते लहान पेट्रोल इंजिन तोकडेच होते. त्याच काळात रस्त्यावर असलेली मारुती एस्टीम तितक्याच इंजिनावर हलक्या अंगामुळे सहज पुढे निघून जाई. नाव पैलवानाचे आणि दम मात्र कारकुनाचा, अशी नाशिकच्या एस्कॉर्टची अवस्था. चपळतेच्या निकषावर तिला उत्तीर्ण करता येत नाही.

१९९८ मध्ये फोर्डने भागीदारीतील आपला हिस्सा वाढवून सूत्रे हाती घेतली. १९९९ च्या अखेरीस मरैमलै नगरमधून आयकॉन बाहेर पडली. फिएस्टाच्या पायावर, भारतीय ग्राहक डोळ्यांपुढे ठेवून रचलेल्या या सेडानचे १.६ लिटरचे पेट्रोल इंजिन नव्वदहून अधिक अश्वशक्तीचे होते. वेगाची हौस असलेल्या त्या काळच्या तरुणांनी तिला डोक्यावर घेतले. एस्कॉर्टच्या नावाला साजेशी गाडी भारतात घडली ती अशी, पण ती चेन्नईला घडली. नाशिकच्या वाट्याला आला तो केवळ आधीचा धडा.

तो धडा वाया गेला असे म्हणता येत नाही. नाशिकच्या कारखान्यातून २००२ मध्ये स्कॉर्पिओ बाहेर पडली आणि महिंद्राची ओळख बदलली. परदेशी कंपनीच्या मापाने गाडी बांधण्याची शिस्त एस्कॉर्टच्या काळात अंगी बाणली असणे स्वाभाविक होते. मात्र स्कॉर्पिओ सेडान नव्हे. सेडानची इच्छा मागे राहिलीच होती, आणि २००५ मध्ये ती पुरी करायला रेनो आली.

या भागीदारीत महिंद्राचा वाटा ५१ टक्के आणि रेनोचा ४९. गाडी होती लोगन. तिची जन्मकथा वाचण्यासारखी आहे. रेनोचे प्रमुख लुई श्वाइत्झर १९९७ मध्ये रशियाला गेले असता त्यांनी पाहिले की जुनाट लाडा गाड्या धडाक्याने खपत आहेत, कारण त्या स्वस्त आहेत. पाच हजार युरोत आधुनिक मोटार द्यायची, हा त्यांचा ध्यास झाला. १९९९ मध्ये रेनोने रुमानियाची दाचिया कंपनी घेतली आणि २००४ मध्ये तिथे लोगन अवतरली. तिचा प्रत्येक भाग काटकसरीचा पुरावा आहे. डॅशबोर्ड एकाच साच्यातून एकसंध ओतलेला. काचांना वळण कमी, कारण वळणदार काच महाग पडते. बाहेरचे डावे-उजवे आरसे एकसारखे, म्हणजे साचा एकच पुरतो. सुंदर दिसणे हा मुद्दाच आराखड्यात नव्हता, आणि गाडी पाहताच ते कळे.

एप्रिल २००७ मध्ये भारतात लोगन आली, किंमत ४ लाख २८ हजार रुपयांपासून. १.४ आणि १.६ लिटरची पेट्रोल इंजिने, शिवाय १.५ लिटरचे ६५ अश्वशक्तीचे डिझेल. मागच्या बाकावर तिघे खरोखर मावत, ५१० लिटरच्या डिकीत लग्नाचे सामान जाई, आणि खड्ड्यांना ही गाडी भीत नसे. टॅक्सीवाल्यांनी तिची पारख आधी केली, तीही अचूक. घरच्या ग्राहकाला मात्र शेजाऱ्याने वळून पाहावे अशी गाडी हवी होती.

आता अर्थसंकल्पाकडे वळू या, कारण खरी लक्ष्मणरेषा तिथे आखली गेली. (नाशिकला या शब्दाचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.) २८ फेब्रुवारी २००६ रोजी अर्थमंत्री पी. चिदंबरम यांनी लहान मोटारींवरील उत्पादनशुल्क २४ वरून १६ टक्क्यांवर आणले. ‘लहान’ची व्याख्या अशी : लांबी चार मीटरांपर्यंत, पेट्रोल इंजिन १२०० घनसेंटिमीटरपर्यंत किंवा डिझेल इंजिन १५०० पर्यंत. २००८ मध्ये हेच शुल्क १२ टक्के झाले, मोठ्या गाड्यांचे २४ टक्केच राहिले. चार लाख रुपये कारखाना-किमतीची गाडी घेतली तर रेषेच्या आत शुल्क ४८ हजार, रेषेबाहेर ९६ हजार. लोगन रेषेबाहेर होती. तिची लांबी सुमारे सव्वाचार मीटर. डिझेल इंजिन १४६१ घनसेंटिमीटरचे, म्हणजे मर्यादेत. सारा दंड त्या पाव मीटर पत्र्याचा. स्वस्ताईसाठी डाव्या-उजव्या आरशांचाही हिशेब करणाऱ्या गाडीला एकट्या लांबीपोटी इतका भुर्दंड बसावा, यातला विनोद क्रूर आहे.

टाटांनी हा नियम सर्वांत आधी ओळखला. २००८ च्या आरंभी त्यांनी इंडिगोची शेपूट छाटून इंडिगो सीएस आणली, चार मीटरांच्या आत बसणारी पहिली भारतीय सेडान.

तरीही सगळा दोष करावर ढकलणे इतिहासाला धरून होणार नाही. मार्च २००८ मध्ये आलेली पहिली स्विफ्ट डिझायर ४.१६ मीटरची, म्हणजे तीही रेषेबाहेरच होती, आणि तरी ती तुफान खपली. तिच्या मागे मारुतीचे गावोगावचे जाळे होते, पुढे लोकप्रिय स्विफ्टचा चेहरा होता. लोगनकडे दोन्ही नव्हते. कराने तिला जखमी केले, पण चेहऱ्याने आणि विक्रीच्या तोकड्या जाळ्याने ती जखम भरू दिली नाही, असा निवाडा अधिक न्याय्य ठरेल.

मधल्या काळात रेनोचेही लक्ष चेन्नईकडे वळले होते. ओरगडम येथील नियोजित कारखान्यातून महिंद्राने २००८ मध्ये अंग काढून घेतले, रेनो आणि निसान तिथे पुढे गेले. १९९८ ची पुनरावृत्ती डोळ्यांदेखत घडत होती. फरक इतकाच की या वेळी पाहुणा गेला आणि गाडी मागे राहिली. एप्रिल २०१० मध्ये महिंद्राने रेनोचा हिस्सा विकत घेतला. रेनोने इंजिन व अन्य महत्त्वाचे भाग पुरवण्याचे मान्य केले. वर्षभराने लोगनचे नामकरण ‘व्हेरिटो’ झाले.

अंबडसारख्या वसाहतीत अशा घडामोडींचा अर्थ वेगळ्या हिशेबात लागतो. पत्र्याचा एखादा भाग दाबून काढण्यासाठी डाय बनवावी लागते. तिचा खर्च पुढे निघणाऱ्या हजारो नगांवर वाटला जातो. गाडी अपेक्षेच्या निम्मीच खपली तर प्रत्येक नगावरचा भार दुप्पट होतो, आणि गाडी बंद पडली तर ती डाय भंगाराच्या भावाची होते, कारण ती दुसऱ्या कोणत्याही गाडीला चालत नाही. व्हेरिटोच्या काळात महिंद्राने अधिकाधिक भाग देशात बनवून घेण्यावर भर दिला. सुटे भाग बनवणाऱ्यांसाठी ती संधी होती, पण थकत चाललेल्या गाडीवर लावलेला तो पैसाही होता. युरोपात २०१२ मध्ये लोगनची दुसरी पिढी आली, २०२० मध्ये तिसरी. नाशिकला मात्र पहिलीच पिढी नवा मुखवटा चढवून उभी होती.

पाया वाईट होता का? त्याचे उत्तर जुलै २०१२ मध्ये मिळाले. रेनोने चेन्नईहून डस्टर आणली. लोगनच्याच कुळातला पाया, त्याच घराण्यातले १.५ लिटरचे डिझेल, फक्त अधिक ताकदीच्या आवृत्त्यांत. डस्टर हातोहात गेली. नाशिकच्या सेडानच्या मुळाशी असलेली अभियांत्रिकी निर्दोष होती, याहून ठोस पुरावा शोधून सापडणार नाही.

अखेरीस ५ जून २०१३ रोजी नाशिकनेही कात्री हाती घेतली. व्हेरिटो व्हाइब, लांबी ३९९१ मिलिमीटर. रेषेच्या नऊ मिलिमीटर आत! इंजिन फक्त डिझेल, कारण १.४ लिटरचे पेट्रोल इंजिन सवलतीच्या मर्यादेबाहेर जाई. तरुणांना आवडावी, खेळकर दिसावी म्हणून मागचे दिवे उभे करून खांबांवर चढवले. दोन चाकांमधले २६३० मिलिमीटरचे अंतर कायम ठेवल्यामुळे आतली प्रशस्तता टिकली, पण डिकी ५१० वरून ३३० लिटरवर आली. आणि त्या खेळकर मुखवट्यामागे तेच ६५ अश्वशक्तीचे, १६० न्यूटन-मीटरचे इंजिन होते. ते कष्टाळू होते, डिझेल कमी पिई, घाटात धापा टाकत नसे. पण त्याला चपळ म्हणणे अतिशयोक्ती ठरते. गाडी लोगनइतकी उपयोगी राहिली नाही आणि आयकॉनइतकी खट्याळही झाली नाही. उशीरही झाला होता. ३९९५ मिलिमीटरची नवी डिझायर २०१२ मध्येच आली होती आणि होंडा अमेझ व्हाइबच्या दोन महिने आधी.

एस्कॉर्टपासून व्हाइबपर्यंत या गाड्या एका रांगेत उभ्या केल्या तर चपळतेचा मान एकीलाही देता येत नाही. उपयुक्ततेत लोगन सर्वांत पुढे, आणि तिचे साधे, न सजवलेले पहिले रूपच सर्वांत प्रामाणिक. प्रत्येक नव्या रूपात मूळ गुणातला थोडा अंश कापला गेला.

शेवटचे रूप विजेचे. जून २०१६ मध्ये ई-व्हेरिटो आली : एका चार्जमध्ये ११० किलोमीटर, कमाल वेग ताशी ८६. केंद्र सरकारच्या ईईएसएल या कंपनीने विजेवरच्या गाड्यांची मोठी मागणी नोंदवली, तेव्हा पहिल्या टप्प्यातल्या ५०० पैकी १५० गाड्या महिंद्राच्या वाट्याला आल्या. रॅलीच्या वारसाने सुरू झालेली नाशिकच्या सेडानची वाट अशी सरकारी वाहनतळावर येऊन थांबली. २०२० मध्ये बीएस-६ ही प्रदूषण-मानके लागू झाली आणि डिझेल व्हेरिटोचाही प्रवास संपला.

चार मीटरांची रेषा मात्र कायम आहे. उत्पादनशुल्क गेले, वस्तू व सेवा कर आला, तरी ‘लहान गाडी’ची मोजपट्टी तीच राहिली. फेब्रुवारी २०१९ मध्ये महिंद्राने एक्सयूव्ही ३०० बाजारात आणली. तिचा पाया कोरियाच्या साँगयाँग टिवोलीचा. मूळ टिवोली सुमारे ४.२ मीटरची, एक्सयूव्ही ३०० कापून ३९९५ मिलिमीटरची. पेट्रोल इंजिन ११९७ घनसेंटिमीटर, डिझेल १४९७. ही गाडी बांधली गेली ती नाशिकच्याच कारखान्यात, आणि या वेळी मोजमाप कागदावर पहिली रेघ ओढण्याआधीच घेतले गेले होते.