साचा घडविणारे यंत्र

दिवाळीच्या दिवसांत साच्याची थोरवी गृहिणीला सांगावयास नको. सोऱ्याच्या चकतीतील चांदणीचा एक कोन बोथट झाला, की घाण्यातून निघणारी एकूण एक चकली तीच खोड घेऊन येते. मग तळणारीचा हात कितीही सुगरणीचा असो! पिठाच्या चकलीला जे लागू तेच पोलादाच्या पत्र्याला. मोटारीचे दार, पाण्याची बादली, विजेच्या दिव्याचे बटण, या साऱ्यांच्या मागे कोठेतरी एक पोलादी ठसा किंवा साचा असतो. कारखान्यातील माणसे त्यांना डाय आणि मोल्ड म्हणतात. एका साच्यातून लाखो वस्तू निघतात. पण तो साचा मात्र एकदाच, एकुलता एक, अंगावरचे पोलाद कोरून काढून घडवावा लागतो. साच्याला स्वतःचा साचा नसतो. म्हणूनच त्याला घडविणारे यंत्र निवडताना मोठमोठ्या कारखानदारांच्या कपाळाला आठ्या पडतात.

पूर्वी हे काम मुख्यतः हाताचे होते. यंत्राने ढोबळ खळगा पाडावयाचा आणि मग छिन्नी, कानस, दगड घेऊन कारागिराने पुढे बसावयाचे. ठशाच्या एका अर्ध्याला निळा रंग पुसावयाचा, दुसरा अर्धा त्यावर टेकवावयाचा, निळा डाग उमटेल तेवढाच उंचवटा खरवडावयाचा, पुन्हा टेकवावयाचा. आठवडेच्या आठवडे हे चाले. पुढे नकल करणारी यंत्रे आली. लाकडाच्या किंवा प्लॅस्टरच्या नमुन्यावरून एक बोथट काटा फिरे आणि त्याच चालीने शेजारी पोलादावर कटर फिरे. अमेरिकेतील सिनसिनाटी कंपनीचे ‘हायड्रो-टेल’ हे या जातीचे एक नावाजलेले उभे मिलिंग यंत्र. उभे म्हणजे कटर धरणारा दांडा ओळंब्यासारखा वरून खाली येणारा. खळग्यात वरून उतरावयाचे असल्याने साच्याच्या कामाला हीच ठेवण सोयीची.

या कथेतला पहिला मोठा पुरुष मात्र साचे घडविणारा नव्हता. मिशिगन प्रांतातील ट्रॅव्हर्स सिटी या गावी जॉन पार्सन्स नावाचा गृहस्थ हेलिकॉप्टरची पाती बनवी. पात्याची आकृती तपासण्यासाठी धातूचे फर्मे लागत. नकाशात त्या वक्ररेषेवरील सतरा बिंदू दिलेले असत. मधली रेषा कारागिराने अंदाजाने जुळवावयाची. पार्सन्सचा सहकारी फ्रँक स्टुलेन याने हिशेबाच्या पंचकार्ड यंत्रांवर सतरांऐवजी दोनशे बिंदू काढून दिले. मग एकाने आकडे मोठ्याने वाचावयाचे, एकाने यंत्राचे आडवे चाक आकड्यापर्यंत फिरवावयाचे, दुसऱ्याने उभे. प्रत्येक बिंदूवर कटर टेकवावयाचा आणि दोन बिंदूंमध्ये राहिलेले कंगोरे कानशीने घासावयाचे. वाचकांनी हे कंगोरे ध्यानात ठेवावेत. पुढची सगळी कथा त्यांचीच आहे.

आकडे वाचणारा माणूस काढून त्या जागी यंत्रच का बसवू नये, असे पार्सन्सच्या मनात आले. १९४९ मध्ये अमेरिकन हवाई दलाने त्याला पैसा दिला. त्याने एमआयटी या विद्यापीठाची मदत घेतली. आणि पाहुण्याने घर बळकवावे तसे ते काम हळूहळू विद्यापीठाच्याच हाती गेले. तेथील मंडळींनी प्रयोगाला एक हायड्रो-टेल घेतले. त्याच्या तीन चाकांना मोटारी जोडल्या आणि शेजारी निर्वात नळ्यांनी भरलेली, शीतकपाटाएवढी पाच कपाटे उभी केली. सप्टेंबर १९५२ मध्ये लोकांसमोर ते यंत्र छिद्रे पाडलेली फीत वाचून धातू कापू लागले. पार्सन्सला त्याचे पेटंट मिळावयास जानेवारी १९५८ उजाडले.

त्याच सुमारास दुसरीही एक वाट होती. जनरल इलेक्ट्रिक कंपनीत चांगल्या कारागिराने यंत्र हाताने चालवावयाचे, त्या हालचाली चुंबकीय फितीवर टिपून घ्यावयाच्या आणि पुढे यंत्राने त्याच गिरवावयाच्या, अशी पद्धत तयार झाली होती. ती मागे पडली. डेव्हिड नोबल या इतिहासकाराने १९८४ च्या आपल्या ग्रंथात याचे कारण मालकांच्या मनात शोधले आहे: कसब कारागिराच्या हातात न ठेवता कचेरीत आणावयाचे होते. मला हे अर्धे पटते. जी वक्रता माणसाच्या हाताने मुळात साधतच नाही, ती फितीवर टिपणार कोठून? पण उरलेले अर्धे खोडून काढता येत नाही. त्याच कंपनीच्या प्रसिद्धी खात्यात कर्ट व्हॉनेगट नावाचा तरुण नोकरीस होता. गणकयंत्राच्या हुकमाने चालणारे मिलिंग यंत्र त्याने तेथे पाहिले आणि १९५२ मध्येच ‘प्लेअर पियानो’ ही त्याची पहिली कादंबरी आली. तिच्यात एका वृद्ध यंत्रकाराच्या हातांच्या हालचाली फितीवर उतरवून घेतल्या जातात आणि त्याच्यासारख्यांना काम उरत नाही. इंजिनियरांच्या आधी एखाद्या कादंबरीकाराला भविष्य दिसावे, याचा आम्हा लिहिणाऱ्यांना थोडा अभिमान वाटला तर तो क्षम्य मानावा.

मोटारीच्या ठशांची अडचण आणखी निराळी होती. मूळ नमुना लाकडाचा, त्यावरून प्लॅस्टर, त्यावरून ठसा. दर नकलेत थोडी चूक. नकाशा एक म्हणे, नमुना दुसरेच म्हणे. खरा कोणता? फ्रान्समधील रेनॉ कंपनीत पिएर बेझिए याने १९६० नंतरच्या वर्षांत उत्तर दिले: खरे ते गणित. मोटारीचे अंग त्याने समीकरणांनी मांडले आणि त्यावरून यंत्र चालविले. सिट्रोएन कंपनीत पॉल द कास्तेल्जो याने १९५९ मध्येच तसले गणित मांडले होते. पण मालकांनी ते कुलपात ठेवले आणि नाव बेझिएचे झाले. इकडे अमेरिकेत १९५८ च्या सुमारास कर्नी अँड ट्रेकर कंपनीने हत्यारे आपली आपण बदलणारे यंत्र काढले. ‘मशीनिंग सेंटर’ या प्रकाराचा वंश येथून पुढे वाढला.

आपल्याकडे ही निकड ओळखणाऱ्यांत सुमंत मुळगावकरांचे नाव घ्यावेच लागते. पुण्याचा टेल्कोचा कारखाना १९६६ साली सुरू झाला, पण तेथून पहिली मालमोटार १९७७ मध्ये बाहेर पडली. आधी यंत्रे आणि ठसे घडविण्याची विद्या रुजवावयाची, गाडी मागाहून. दरवेळी ठसा परदेशाहून आणणाऱ्याला गाडीचे एक दार बदलावयाचे तरी परक्यापुढे हात पसरावा लागतो.

आता निवडीचा प्रश्न. खरीददार प्रथम टेबल किती लांब, वजन किती टन पेलते, हे विचारतो. ते योग्यच, कित्येक टनांचा साचा वर चढलाच नाही तर बाकीचे बोलणे फोल. पण खरी मेख त्या कंगोऱ्यांत आहे. साच्याचा शेवटचा हात गोल टोकाच्या कटरने फिरवतात, आणि नांगराच्या तासांप्रमाणे दोन फेऱ्यांमध्ये बारीक वरंबा राहतो. त्याची उंची शाळेतल्या जीवेच्या सिद्धान्ताने निघते. कटरच्या टोकाची त्रिज्या १० मिलीमीटर आणि दोन तासांत अंतर १ मिलीमीटर असेल, तर वरंबा ०.०१२५ मिलीमीटरचा. अंतर निम्मे केले की वरंबा चौथाईवर येतो, पण फेऱ्या दुप्पट होतात. एक मीटर लांबरुंद साच्यावर मिनिटाला ५ मीटर चालीने पहिल्या हिशेबात ३ तास २० मिनिटे लागतात, दुसऱ्यात ६ तास ४० मिनिटे. यंत्राने वाचविलेला वेळ कारागिराला पॉलिश करताना भरावा लागतो, आणि हाताने घासताना आकार बिघडण्याची भीती वेगळीच.

म्हणून चाल हवी. बारीक, ६ मिलीमीटरच्या कटरला पोलादावर मिनिटाला २०० मीटरचा वेग द्यावयाचा तर दांडा मिनिटाला साडेदहा हजारांवर फेरे घेणारा पाहिजे. उलट ढोबळ खळगा पाडणारा १०० मिलीमीटरचा कटर पाचशेच्या आतबाहेर फिरतो, पण त्याला रेड्याचे बळ लागते. हरणाचे पाय आणि रेड्याचे खांदे एकाच जनावरात सहसा सापडत नाहीत. मोठे साचे करणारे पुष्कळ कारखाने त्यामुळे दोन यंत्रे घेतात, एक सोलायला आणि एक शेवटचा हात फिरवायला. ज्याला एकच परवडते त्याने, माझ्या मते, शेवटचा हात ज्यावर चांगला फिरेल ते घ्यावे. ढोबळ काम बाहेरून करून आणता येते. अंतिम पृष्ठभागाची जबाबदारी दुसऱ्यावर सोपविता येत नाही.

आणि उष्णता! पोलाद दर अंशाला मीटरमागे सुमारे ०.०१२ मिलीमीटर वाढते. दोन मीटरच्या साच्यावर रात्रभर काम चालले आणि पाच अंशांचा फरक पडला, तर ०.१२ मिलीमीटर, म्हणजे वहीच्या कागदाहून जाड. लहान यंत्राला एक खांब पुरतो. मोठ्याला दांडा खांबापासून फार पुढे काढावा लागतो, मग तो तापतो, वाकतो. दोन खांबांवर आडवी तुळई टाकलेले यंत्र येथे निश्चल राहते. ते महाग पडते आणि जागा अडवते.

यंत्र विकणारा छापील पत्रकात आकडे भरपूर देतो. जाणता खरीददार त्याला आपल्याच साच्याचा एक तुकडा देतो आणि संध्याकाळी सुरू करून सकाळपर्यंत कापून मागतो. सकाळी तो डायमेकरला पुढे बोलावतो. डायमेकर तुकड्यावरचे तेल पुसतो, रात्रीचे तास आणि पहाटेचे तास जेथे मिळतात तेथे अंगठ्याचे नख आडवे फिरवतो, आणि मग यंत्राच्या किमतीची बोलणी सुरू होतात.