पावलातून सावरलेला गुडघा

पोलिओने मांडीचा पुढचा स्नायू दुबळा झाला की मूल चालताना एक हात मांडीवर दाबून धरते. पाऊल टेकताच गुडघा वाकून कोसळू पाहतो. हाताने मांडी मागे रेटली तरच तो टिकतो. एका अख्ख्या पिढीने ही चाल गावोगाव पाहिली आहे. या मुलांना कॅलिपर मिळे: बुटात बसवलेल्या पोलादी पट्ट्या, चामड्याचे पट्टे आणि गुडघ्याशी कडी. कडी खाली सरकवली की पाय ताठ. पण तो ताठ पाय पुढे टाकायला कंबर उचलून बाहेरून फिरवून आणावा लागे, आणि ओझे असे ते वेगळेच.

हैदराबादचा हलका कॅलिपर या ओझ्यातून जन्मला. 1982पासून तिथल्या क्षेपणास्त्र प्रयोगशाळेची धुरा अब्दुल कलामांकडे होती. ‘अग्नी’चे टोक वातावरणात परतताना जळू नये म्हणून कार्बन-कार्बन नावाचे हलके, उष्णता सोसणारे द्रव्य तिथे घडवले जात होते. पंजागुट्ट्याच्या निझाम्स इन्स्टिट्यूटमधले (पूर्वीचे निझामांच्या नावाचे अस्थिरोग रुग्णालय) एक शल्यचिकित्सक प्रयोगशाळेत आले. त्यांनी त्या द्रव्याचा तुकडा हातात तोलून पाहिला आणि कलामांना थेट आपल्या रुग्णांकडे नेले. तीन किलोंहून जड कॅलिपर ओढत चालणारी मुले कलामांनी तिथे पाहिली. पुढे ते सांगत, की तीन आठवड्यांत 300 ग्रॅमचे कॅलिपर तयार झाले, आणि मुले चालू लागली तेव्हा आईबापांचे डोळे भरून आले. आयुष्यातल्या मोठ्या आनंदांत ते या दिवसाची गणना करीत.

ही गोष्ट सांगताना क्षेपणास्त्राचे द्रव्य तेवढे लक्षात राहते. मला मात्र या साधनाचे दुसरे कूळही तितकेच मोलाचे वाटते. त्याचे नाव ‘फ्लोअर रिअ‍ॅक्शन ऑर्थोसिस’. माणूस जमिनीला जेवढे दाबतो तेवढेच जमीन त्याला उलट रेटते. घोटा किंचित खाली झुकवून पक्का केला, तर हा रेटा चवड्याकडून वर येत गुडघ्याच्या पुढून जातो. नडगीच्या वरच्या भागाला पुढून टेकलेले कवच तिला मागे ढकलते आणि गुडघा आपोआप सरळ होतो. कडी नको, मांडीपर्यंतच्या पट्ट्याही नकोत. पाऊल उचलले की गुडघा पुन्हा मोकळा. या तत्त्वावरची अखंड साच्याची पट्टी जे. सॅल्टियल यांनी 1969 साली मांडली होती. वजन घटले ते द्रव्यामुळे; कडी सुटली ती या तत्त्वामुळे.

म्हणूनच माप घेण्याआधीची तपासणी निर्णायक असते. मुलाला उताणे झोपवून गुडघा पुरता सरळ होतो का ते पाहतात. तो आखडून वाकलेला राहिला, तर जमिनीचा रेटा गुडघ्याच्या मागून जाऊन त्याला आणखी वाकवतो. मग आधी आखडलेपण सोडवावे लागते. नितंबाच्या स्नायूंचे बळ शून्य ते पाच अशा श्रेणीत मोजतात, कारण तिथे जोर नसेल तर खालचा आधार पुरत नाही. घोटा हाताने कुठवर वळतो, टाच आत कलते का, नडगी पिळलेली आहे का, हेही पाहिले जाते. पाऊल बाहेर वळलेले असेल, तर पावलाची तरफच तिरकी पडते आणि रेटा वाया जातो. घोट्याचा कोन तर फारच नाजूक बाब. पाऊल अधिक खाली झुकवले तर गुडघा मागे ढकलला जाऊन त्याची मागची बंधने ताणली जातात. वर राहिले तर तो पुन्हा कोसळतो. प्लास्टरचा साचा घेताना पाऊल धरणाऱ्या हातावर हे सारे अवलंबून असते.

भारतात पोलिओच्या मूळ (वाइल्ड) विषाणूचा शेवटचा रुग्ण जानेवारी 2011 मध्ये आढळला. साधन मात्र मागे पडले नाही. सेरेब्रल पाल्सी असलेली, गुडघे वाकवून दबकत चालणारी मुले आज ते वापरतात, आणि त्यांच्याही बाबतीत पहिला प्रश्न तोच असतो: गुडघा सरळ होतो का?