रंगाच्या कारखान्यापासून औषधाच्या कुपीपर्यंत

ठाण्यात बाळकुमहून कोलशेतकडे निघालं की 'सँडोज बाग' हे नाव आजही कानावर पडतं. बाग कसली, तो रंगरसायनांचा कारखाना! बाझलमध्ये १८८६ साली रंग बनवण्यासाठीच निघालेल्या स्विस सँडोजचा. १९९५ मध्ये कंपनीचा रसायनविभाग क्लॅरियंट झाला, पुढे कोलशेतची जमीन विकली गेली आणि तिथे टोलेजंग इमारती आल्या.

कर्करोगाच्या गाठीपर्यंत औषध नेमकं पोहोचवू पाहणाऱ्या नॅनोकणांचं कूळ शोधत गेलं, तर ते अशाच रंगांपाशी पोहोचतं. जर्मन डॉक्टर पाउल एर्लिख विद्यार्थिदशेपासून पेशी रंगवत बसायचा. एखादा रंग ठरावीक पेशींनाच धरतो, शेजारच्यांना शिवतही नाही, हे त्याने हेरलं. मग विषही असंच निवडक का असू नये? त्याच्या 'जादूच्या गोळी'चा जन्म या प्रश्नातून झाला आणि १९१० मध्ये उपदंशावरचं साल्व्हरसान बाजारात आलं.

गोळी मिळाली, पण तिला नेणारा टांगा हवा होता. तो साठच्या दशकात ॲलेक बँगहॅम या इंग्रज शास्त्रज्ञाच्या हाती लागला: स्निग्ध द्रव्याचे पाण्यात आपोआप बनणारे पोकळ बुडबुडे, म्हणजे लायपोसोम.

मुंबईत केईएम रुग्णालयाच्या डॉ. नीलिमा क्षीरसागर आणि जीवरसायनतज्ज्ञ प्रा. बी. के. बच्छावत यांनी या बुडबुड्यात ॲम्फोटेरिसिन भरलं. हे औषध बुरशी मारतं, पण मूत्रपिंडालाही सोडत नाही. वेष्टनात घातल्यावर हा जाच कमी झाला. केमोथेरपीने पांढऱ्या पेशी घटल्या की बुरशी बळावते, म्हणून कर्करुग्णांसाठी याचं मोल मोठं. अंबरनाथला कारखाना असलेली भारत सिरम्स अँड व्हॅक्सिन्सही अशी औषधं बनवू लागली. बाळकुममध्ये जून २०२० मध्ये १०२४ खाटांचं कोविड रुग्णालय उभं राहिलं. पुढच्याच उन्हाळ्यात कोविडच्या रुग्णांमध्ये काळ्या बुरशीची साथ आली आणि याच कुप्यांसाठी राज्यभर नातेवाइकांची धावाधाव झाली.

खुद्द कर्करोगावरचं पहिलं नॅनो-औषध, डॉक्सिल, अमेरिकेत १९९५ मध्ये मंजूर झालं. लायपोसोममध्ये बंद केलेलं लालभडक डॉक्सोरुबिसिन. २०१२ मध्ये तिथे त्याचा तुटवडा पडला, तेव्हा मुंबईच्या सन फार्माचं 'लिपोडॉक्स' आयात करायला तिथल्या औषध प्रशासनाने परवानगी दिली.

नेमाचं म्हणाल, तर जाहिरातीतला बाण प्रत्यक्षात बराच भरकटतो. २०१६ मध्ये दशकभराचे प्रयोग पडताळले गेले. दिलेल्या औषधापैकी गाठीपर्यंत पोहोचलेल्या हिश्श्याचा मध्यक ०.७ टक्के निघाला. बहुतेक कण यकृत आणि प्लीहाच अडवतात. डॉक्सिलने नाव कमावलं ते वेगळ्याच कारणाने: साध्या डॉक्सोरुबिसिनने हृदयाला होणारी इजा त्याने बरीच कमी केली. बदल्यात काही रुग्णांच्या तळहातांची आणि तळपायांची सालं निघू लागली.