डी बॉईनचे तैलचित्र आणि पट्टणकुडीचे रण

महादजी शिंद्यांचा सेनानी डी बॉईन याची वार्धक्यातील गणवेशधारी प्रतिमा आपल्या वाचकांनी इतिहासग्रंथांतून पाहिली असेल. मूळ तैलचित्र एकोणिसाव्या शतकातील. आपल्याकडे त्याखाली 'फ्रेंच सेनापती' असे सर्रास छापतात. हा शिक्का आम्हांस पुरता मान्य नाही. डी बॉईन १७५१ मध्ये शांबेरी येथे जन्मला. ते गाव सॅव्हॉय प्रांतातले, आणि सॅव्हॉय तेव्हा सार्डिनियाच्या राजाकडे होता. तारुण्यात त्याने फ्रेंच सैन्यात चाकरी केली, उतारवयात अठराव्या लुईने त्याला पद व मानचिन्हे दिली, सार्डिनियाच्या राजाने काउंट केले. म्हणजे या वृद्धाच्या गणवेशाची शोभा युरोपातील राजांनी दिलेली. कर्तृत्व मात्र पाटीलबाबांच्या चाकरीतले.

१७८४ मध्ये महादजींनी त्याला प्रत्येकी ८५० शिपायांच्या दोन पलटणी उभारावयास सांगितले. १७९० मध्ये पाटण व मेडता येथे या कवायती पायदळाने जय मिळविले. पलटणींचे कंपू झाले आणि त्यांच्या पगारासाठी दुआबातील मुलूख तोडून दिला गेला. आमच्या मते कवायतीपेक्षाही ही वेळेवर मिळणारी तलब त्या फौजेचे खरे बळ होती. रणवर्णनात रमणारे आमचे लेखक तिकडे फारसे पाहत नाहीत.

या पद्धतीची झळ आपल्या सीमाभागालाही लागली. सप्टेंबर १७९९ मध्ये निपाणीजवळील पट्टणकुडी येथे करवीरकरांशी लढताना परशुरामभाऊ पटवर्धन पडले. त्यानंतर पटवर्धनांनी कोल्हापूरला वेढा घातला, तेव्हा त्यांच्या मदतीस शिंद्यांच्या पाच कवायती पलटणी मेजर ब्राउनरिग याच्या हाताखाली आल्या. परक्यांशी झुंजण्यासाठी म्हणून ज्या फौजेचा गौरव होतो, तिच्या तोफा येथे छत्रपतींच्याच राजधानीवर वळल्या. १३ मार्च १८०० रोजी नाना फडणीस वारले, पुण्याचे राजकारण पालटले, आणि कोल्हापूर बचावले.

डी बॉईन त्यापूर्वीच, १७९६ मध्ये, हिंदुस्थान सोडून गेला होता. जाताना आपले खासगी घोडदळ त्याने इंग्रजांच्या कंपनीस विकले. (विक्रेत्याची नजर चोख होती, एवढे कबूल केलेच पाहिजे.) त्याच्यामागून कंपूंची सूत्रे पेराँकडे आली. १८०३ मध्ये इंग्रजांशी युद्ध जुंपताच पेराँ शिंद्यांची चाकरी सोडून इंग्रजांच्या आश्रयास गेला. अलीगढचा किल्ला ४ सप्टेंबरला पडला. शिपाई मात्र दिल्लीस व लासवारीस शर्थीने लढले. त्यांत मराठ्यांपेक्षा उत्तरेकडील लोकच अधिक होते. त्यांची तैलचित्रे कोणी काढली नाहीत.