मैदान कशाने भरते?

एखाद्या खेळाविषयी लोकांना वाटणारी गोडी वाढली की ओसरली, हे आपण बहुधा मैदानावरील गर्दीवरून ठरवतो. मुंबईच्या पंचरंगी क्रिकेट सामन्यांचा इतिहास पाहिला म्हणजे हे माप किती अपुरे आहे, ते ध्यानात येते.

१८९२ पासून युरोपियन व पारशी ह्यांचे सामने दरसाल होऊ लागले. १९०७ साली त्यांत हिंदूंचा संघ आला, १९१२ साली मुसलमानांचा. आणि १९३७ साली इतरांचा, म्हणजे 'रेस्ट'चा, संघ येऊन सामने पंचरंगी झाले. ह्या सामन्यांनी मुंबई वेडी होत असे. १९४३ च्या अंतिम सामन्यात विजय हजारे ह्यांनी 'रेस्ट'च्या ३८७ धावांपैकी ३०९ धावा एकट्याने काढल्या. ते खेळाचे वैभव खरेच. पण प्रेक्षक तेवढ्यासाठीच येत होते काय? 'आपला' संघ जिंकावा, ही ओढ त्याहून बलवत्तर होती.

तिला सर्वस्वी वाईट म्हणणेही न्यायाचे होणार नाही. चर्मकार समाजातील पाळवणकर बाळू ह्यांना पुण्यात चहा मिळे तो बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. पण १९०६ साली हिंदूंनी युरोपियनांना हरवले ते त्यांच्या गोलंदाजीच्या बळावर, आणि १९२३ साली त्यांचेच बंधू विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले. विजयाच्या ओढीने जुनी दारे थोडी तरी किलकिली केली.

तथापि धर्मावर संघ उभे करण्यातला धोका पुढे वाढत गेला. १९४० साली गांधीजींनी ह्या प्रथेला नापसंती दर्शविली. १९४६ मध्ये सामने कायमचे थांबले. १९३४ पासून प्रांतवार चालू असलेल्या रणजी स्पर्धेत खेळाडू तेच होते, खेळही तोच होता. पंचरंगीचा तो ज्वर मात्र तिकडे वळला नाही. पुढे २००८ साली शहरांच्या नावांचे व्यावसायिक संघ निघाले आणि मैदाने फुलून गेली, जरी त्या संघांतले खेळाडू लिलावात घेतलेले होते.

तात्पर्य, लोकांची गोडी नुसती वाढत-घटत नाही. ती 'आपले कोण' ह्या भावनेमागे चालते. म्हणून मैदान भरलेले पाहून आपण संतोष मानण्यापूर्वी एवढेच विचारावे : आज आपण 'आपले' कोणाला म्हणत आहोत, आणि तसे म्हणताना परके कोणाला करीत आहोत?