पदराखालचे केस

विवाहित ज्यू स्त्रीने केस झाकावेत, या दंडकाचा आधार बायबलमधील 'गणना' या ग्रंथाच्या पाचव्या अध्यायात शोधला जातो. इसवी सन 200च्या सुमारास सिद्ध झालेल्या मिश्नाने उघड्या मस्तकाने बाहेर पडणाऱ्या पत्नीचा विवाहकरारातील हक्क नाकारला. कपाळावर सुटलेल्या बटेविषयी मात्र एकमत झाले नाही. तालमूदमधील किमहीतच्या वेण्या घराच्या तुळयांनीही पाहिल्या नव्हत्या. उलट विसाव्या शतकात न्यूयॉर्कचे धर्मशास्त्री मोशे फाइनस्टाइन यांनी दोन बोटे केस दिसण्यास मुभा दिली.

कोकणातील बेने इस्रायल समाजापाशी दीर्घकाळ हे ग्रंथ नव्हते. शनिवारी घाणा बंद ठेवणारे हे 'शनवार तेली' मराठी बोलत. त्यांच्या स्त्रिया लुगडे नेसत आणि शेजारणींप्रमाणेच डोईवरून पदर घेत. मुंबईत 1796मध्ये त्यांचे पहिले सिनेगॉग उभे राहिले, पुढे कोचीनहून धर्मशिक्षक आले. प्रार्थनेच्या वेळी मस्तकावर पदरच राहिला. पदर रुमालासारखा घट्ट बसत नाही. तो ढळतो, बट सुटते आणि हात नकळत तो सावरतो. ग्रंथांतील बोटांच्या मापाची जागा येथे या सवयीने घेतली. याच समाजाच्या विवाहपरंपरेविषयी पुढे इस्रायलमध्ये शंका घेतली गेली. अखेर 1964मध्ये तेथील संसदेने बेने इस्रायल सर्वार्थाने ज्यू असल्याचे घोषित केले.